सैनिकाच्या कमरेवरचे पाणी

पडद्यावर दिसणारी ही निळी बाटली पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकाची आहे. लोखंडी पत्र्यावर एनॅमल चढवलेल्या या बाटलीत 2 पाइंट, म्हणजे सव्वा लिटरपेक्षा थोडे कमी पाणी मावते आणि तिचे बूच हरवू नये म्हणून ते दोरीने बांधलेले आहे. तिच्यावर शिवलेला खाकी नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, पाहा. तो भिजवून घेतला, की त्यातील ओल उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णताही ओढून नेते.

कातडी पिशव्या, वाळवलेले भोपळे आणि लाकडी पिंपे सैन्यांनी शतकानुशतके वाहिली. मात्र मोठ्या प्रमाणावर, एकाच नमुन्यानुसार घडवलेली बाटली म्हणजे काय, हे अमेरिकन यादवी युद्धातील 1858च्या नमुन्यात स्पष्ट दिसते. कथलाची कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याच्या दोन खोलगट चकत्या कडेला कडा लावून डाखाने जोडल्या, त्यांवर तोंड बसवले आणि वर जाड कापडाचे आवरण शिवले, की बाटली तयार होई. 1862च्या सुमारास या चकत्यांवर एकात एक वर्तुळे उठवली जाऊ लागली. ती शोभेची नसून त्यांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येत असे. सैनिक जुनी बाटली विस्तवावर धरून डाख वितळवत आणि सुट्या झालेल्या अर्ध्या भागाचा तवा किंवा ताटली करत. प्रसंगी त्यानेच मातीही उकरत. खिळ्याने भोके पाडलेल्या अशाच एका अर्ध्या भागावर मक्याची कणसे किसली जात. त्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक दगावले, आणि दूषित पाणी हे त्याचे एक मोठे कारण होते.

गोल बाटली चालताना मांडीवर आपटते. म्हणून पुढे बाटलीची एक बाजू आत वळवण्यात आली आणि ती कमरेच्या गोलाईला चिकटून बसू लागली. अमेरिकन सैन्याच्या 1910च्या नमुन्यात हा विचार पूर्णत्वाला गेलेला दिसतो. 1886 साली हॉल आणि एरू या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत् पद्धतीमुळे ॲल्युमिनियम स्वस्त झाले होते. त्यामुळे बाटली हलकी झाली आणि बुचाच्या जागी साखळीने जोडलेले आट्यांचे झाकण आले. तिच्या बुडाशी त्याच आकाराचा पेला चपखल बसतो. त्याची मूठ उलगडताच तो चुलीवर ठेवता येतो आणि मूठ दुमडली, की तो बाटलीसह कॅनव्हासच्या एकाच पिशवीत सामावतो. सैनिकाच्या सामानात इतक्या आपुलकीने घडवलेली दुसरी वस्तू आम्हाला आढळली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमचा तुटवडा पडला, तेव्हा पोलाद, एनॅमल आणि प्लास्टिकही वापरून पाहण्यात आले. 1960च्या दशकात प्लास्टिकची बाटली रुळली, पण पाणी उकळावे लागत असल्यामुळे पेला मात्र धातूचाच राहिला. पुढे नळीने पाणी पिता येणारी पाठीवरची पिशवी आली. अर्धी रिकामी बाटली चालताना डुचमळते आणि रात्री तो आवाज दूरवर जातो. पिशवी मात्र पाणी पिऊ तसतशी आक्रसते.

आता हे हात पाहा. नदीच्या पाण्यात जंतू मारणारी आयोडीनची गोळी टाकून काही मिनिटे झाली आहेत, तरीही पाणी अजून पिण्याजोगे झालेले नाही. आधी झाकण थोडे सैल केले जाते आणि बाटली हलवून औषधी पाणी आट्यांवरून वाहू दिले जाते, कारण ओठ जिथे टेकणार, तिथे अजून नदीचेच पाणी असते. त्यानंतर झाकण पुन्हा घट्ट करून सैनिक आणखी थांबतो.