हॅलिसिन : मधुमेहाच्या संशोधनातून निसटलेला रेणू

पडद्यावर दिसणाऱ्या या प्लास्टिकच्या ताटलीतील प्रत्येक खळग्यात ई. कोलाय जिवाणू आहेत आणि प्रत्येकात एक वेगळे संयुग मिसळले आहे. जो खळगा गढुळला, तेथे जिवाणू वाढले. जो नितळ राहिला, तेथे त्यांची वाढ थांबली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटाने नव्या प्रतिजैविकांच्या शोधात अशी २,३३५ संयुगे तपासली आणि हे निष्कर्ष संगणकाला शिकण्यासाठी दिले.

कोणते औषध जिवाणूला कसे मारते, हे संगणकाला सांगितलेच नव्हते, आणि या पद्धतीचे बळ आम्हाला त्यातच दिसते. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी ही संगणकीय प्रणाली, रेणूकडे अणू आणि बंधांचे जाळे म्हणून पाहते. प्रत्येक अणूची माहिती बंधांवाटे शेजारच्या अणूंपर्यंत फिरत जाते आणि त्यातून संपूर्ण रेणूचे जे अंकरूप वर्णन तयार होते, त्यावरून तो जिवाणूंना रोखील की नाही, याचा अंदाज बांधला जातो.

पुढे सुमारे ६,००० ज्ञात औषधी संयुगांच्या संग्रहातून संगणकाने वर काढलेल्या ९९ संयुगांपैकी ५१ संयुगांनी प्रयोगशाळेत खरोखरच वाढ रोखली. संशोधकांनी त्यांतून मुद्दाम असा रेणू निवडला, ज्याची ठेवण प्रचलित प्रतिजैविकांशी जुळत नव्हती, कारण ओळखीच्या रचनांना तोंड देण्याची तयारी जिवाणूंनी आधीच केलेली असते. एकेकाळी मधुमेहावरील उपचारासाठी अभ्यासल्या गेलेल्या या रेणूला हॅलिसिन हे नाव मिळाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

जिवाणूच्या पेशीपटलाच्या आत आणि बाहेर प्रोटॉनचे प्रमाण वेगळे असते व या फरकावरच पेशीची ऊर्जानिर्मिती चालते; हॅलिसिन तोच फरक बिघडवते. तीस दिवसांच्या प्रयोगात ई. कोलायमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण झाला नाही; सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रचलित प्रतिजैविकाविरुद्ध मात्र तो पहिल्या तीन दिवसांतच दिसू लागला. सर्व प्रचलित प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूचा त्वचासंसर्ग झालेल्या उंदरांना हॅलिसिनचे मलम लावले, तेव्हा तो संसर्ग चोवीस तासांत नाहीसा झाला.

यानंतर संगणकाने १० कोटी ७० लाखांहून अधिक रेणूंच्या रचना चाळल्या. त्यांपैकी २३ रेणू पुन्हा अशाच ताटल्यांत उतरले, आणि आठांनी जिवाणूंवर परिणाम दाखवला.