शेवटच्या माणसाचं घरकाम

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ही कसली भुतं, यांना धड चालताही येत नाही!" खरं आहे. १९६४च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'मधले रक्तपिपासू अगदीच मरतुकडे आहेत. रात्रभर दारावर लाकडं आपटतात, "मॉर्गन, बाहेर ये" म्हणून ओरडतात. मॉर्गन झालेला व्हिन्सेंट प्राइस त्यांना नुसत्या हातांनी ढकलून घरात शिरतो. त्यांना घाबरून थिएटर सोडायची वेळ कुणावरही येणार नाही.

मला भीती वाटते ती मॉर्गनच्या दिनक्रमाची. साथीत सगळं जग गेलंय, मेलेले रक्तपिपासू होऊन उठताहेत, हा एकटा उरलाय, आणि सकाळी उठून करतो काय? घरकाम! भिंतीवरच्या तारखेवर काट मारायची. दारावरचा लसूण वाळलाय, बदलायला हवा. आरसे फुटलेत, नवे लावायला हवेत, कारण या दोन्हींना ते बिचकतात. जनरेटरला पेट्रोल हवं. लेथवर लाकडी खुंट तासायचे. मग नकाशा काढायचा, आज कुठला भाग उरलाय ते बघायचं आणि घरोघरी जाऊन झोपलेल्यांच्या छातीत ते खुंट ठोकायचे. प्रेतं गाडीत भरून जळत्या खड्ड्यात टाकायची. अंधार पडायच्या आत घरी. हे सगळं तो कुरकुरत, कंटाळत करतो. खून त्याच्या लेखी किराणा आणण्याइतकंच रोजचं काम झालंय, आणि आपणही पहिली वीस-पंचवीस मिनिटं ते बिनतक्रार बघत बसतो. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी याचाच हिशेब होतो.

पैसे कमी होते म्हणून हे चित्रीकरण इटलीत झालं. अमेरिकेतलं म्हणून दिसणारं शहर रोम आहे, त्यातही बरंचसं एऊर. मुसोलिनीने १९४२च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवायला घेतलेला हा भाग. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. रुंद रस्ते, पांढऱ्या कमानी, माणसाला खिजगणतीत न धरणाऱ्या पायऱ्या. तिथे चार बंद गाड्या आणि काही प्रेतं ठेवली की जग संपलेलं दिसतं. इटालियन नटांच्या तोंडी बसवलेलं इंग्रजी मात्र पार उघडं पडतं, त्याला इलाज नाही.

मधला पूर्वकथेचा भाग थोडा रेंगाळतो, पण त्यात एक जागा भयंकर आहे. सरकारी ट्रक मॉर्गनच्या मेलेल्या मुलीला घेऊन जातो आणि खड्ड्यात टाकतो. म्हणून बायको गेल्यावर मॉर्गन तिला लपवून स्वतः पुरतो, आणि रात्री ती दाराशी येते. प्रेमापोटी केलेली एकच बेकायदा गोष्ट, आणि तीच अशी उलटते.

मग रूथ नावाची बाई येते. कळतं असं, की रोग झालेल्यांपैकी काहींनी औषध शोधलंय, ते जिवंत आहेत, नवा समाज उभारताहेत. दिवसा खुंट ठोकत फिरणाऱ्या मॉर्गनने त्यांचीही माणसं मारली आहेत. त्यांच्या घरांत पोरांना ज्याच्या नावाने भीती दाखवत असतील, तो हाच. ते त्याला चर्चमध्ये गाठून भाल्याने मारतात. मरताना तो त्यांनाच विकृत म्हणतो, आणि ते आपल्याला घाबरत होते याचं त्याला आश्चर्य वाटतं!

ही कलाटणी रिचर्ड मॅथेसनच्या १९५४च्या 'आय अ‍ॅम लेजंड' या कादंबरीतली, तिच्यावरच हा सिनेमा बेतलाय. हॅमर या ब्रिटिश सिनेकंपनीसाठी त्याने आधी पटकथा लिहिली होती, ती ब्रिटिश सेन्सॉरने अडवली. पुढे या सिनेमासाठी लिहिलेलं इतरांनी बदललं म्हणून त्याने श्रेयनामावलीत 'लोगन स्वॉन्सन' हे टोपणनाव दिलं. प्राइसही त्याला या भूमिकेत पटला नव्हता. इथे मी मॅथेसनच्या बाजूने नाही. आडदांड नट घेतला असता तर हे घरकाम पराक्रम वाटलं असतं. याच कादंबरीवरच्या १९७१ आणि २००७च्या सिनेमांत नेमकं तेच झालं. आणि जॉर्ज रोमेरोने १९६८मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, तो याच कादंबरीवरून सुचल्याचं त्याने स्वतः कबूल केलंय. मागच्या रांगेतल्या मित्रांनी तो बघावा. त्यातलीही भुतं अशीच रखडत चालतात, आणि त्यांना मात्र कुणी हसत नाही.