गाडी कंपनीची, भरवसा मिस्त्रीचा

(दृश्य : सातारा. बॉम्बे रेस्टॉरंट चौकापासून थोडं आत, एक गॅरेज. खंडेनवमीची सकाळ.)

दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. डिझेलनं धुतलेले पाने पुसून लाल कापडावर ओळीनं मांडलेत. शेजारी टॉर्क पाना, फीलर गेज, पुलर. मिस्त्री एकेकाला गंध लावतायत. सगळ्यात शेवटी वायर गुंडाळलेली एक काळी पेटी येते. हा गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर. त्यालाही गंध, त्यालाही झेंडूचं फूल.

गाड्यांची पूजा उद्या, दसऱ्याला. पण धुऊन त्या आजच आणून लावल्यात. बोलेरो, स्विफ्ट, इंडिका, क्वालिस, आणि भिंतीला लागून एक जुनी कमांडर जीप. मालकही इथंच बसलेत, चहा चाललाय. अशा वेळी एकच प्रश्न टाकायचा : कोणती कंपनी चांगली?

"आमच्या घरात वडिलांपासून महिंद्रा. ट्रॅक्टर तिचा, जीप तिची, आता ही बोलेरो."

"पत्रा बघायचा तर टाटाचा."

"मारुती घ्या. पार्ट दहिवडीत मिळतो, जतमध्ये मिळतो. थांबायला लागत नाही."

साखर कारखान्याच्या निवडणुकीत घराघराचं पॅनेल ठरलेलं असतं, तसंच इथं गाडीचं आहे. वडिलांनी धरलेली कंपनी मुलगा सहजासहजी सोडत नाही. मिस्त्री मात्र या वादात पडत नाहीत. ते विचारतात, "गाव कुठलं तुमचं?" कोयनेच्या खोऱ्यातला माणूस असेल तर ते एक गाडी सांगतात, सांगलीत राहून रोज मिरजेला जाणारा असेल तर दुसरी. आणि दोघांनाही पुढचा प्रश्न एकच : "तुमच्याकडं दुरुस्त कोण करणार?"

गाडीवरची निष्ठा या प्रश्नातून तयार होते, असं आम्हाला हे चित्रीकरण करताना दिसत गेलं. म्हणून ही गोष्ट शोरूममधून सांगायची नाही, असं आम्ही ठरवलं.

(दृश्य : सांगली, विश्रामबाग. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचं प्रवेशद्वार.)

मोटारीच्या धंद्याची मुळं या मातीत किती खोल आहेत, ते या कमानीवरच्या नावात वाचता येतं. १९४७ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाला पुढे वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. सोलापूरच्या या उद्योजकानं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून देशाला फियाट दिली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढं सलग बाकासारखी सीट. समोर स्पर्धक एकच मोठा : बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर. डॉक्टर, वकील, हळदीचे अडते फियाट घेत. कारखान्याचे चेअरमन आणि सरकारी साहेब अ‍ॅम्बेसेडरमध्ये. निवड दोनांतच, त्यामुळे निष्ठाही पक्की. एकदा फियाटवाला तो कायमचा फियाटवाला.

(दृश्य : किर्लोस्करवाडी रेल्वे स्थानक. पाटी. मागे कारखान्याची चिमणी.)

आणि हे पलूस तालुक्यातलं किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना मांडला आणि लोखंडी नांगर बनवले. त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीनं १९९७ साली जपानच्या टोयोटाशी भागीदारी केली. टोयोटा किर्लोस्कर मोटर. गाडी तयार होते कर्नाटकात, बिडदीला. पण इथल्या लोकांना क्वालिस आणि नंतरची इनोव्हा आपल्याच पाहुण्यारावळ्यांत गेल्यासारखी वाटली. टुरिस्टवाल्यांनी २००० साली क्वालिस घेतली, २००५ साली कंपनीनं ती बंद करून इनोव्हा आणली, तेव्हा हळहळलेही तेच, आणि इनोव्हासाठी नंबर लावणारेही तेच.

(दृश्य : पाटण खोऱ्याकडं जाणारा रस्ता. पाऊस नुकताच उघडलाय. वडाप.)

आता खरी जुनी सोयरीक. जीप.

दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. सातारा हा फौजेचा जिल्हा. अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. इथल्या कितीतरी घरांना जीपची पहिली ओळख पलटणीतून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या तोंडून झाली. पुढं जिथं एसटी दिवसातून दोनदाच जायची, तिथं वडाप, म्हणजे खासगी जीपमधून प्रवासी नेणं, सुरू झालं. कमांडर, ट्रॅक्स. आत माणसं, टपावर पोती, मागच्या फळीवर उभी पोरं. कॉलेजला जाणारी मुलगी, बाळंतपणाला निघालेली बाई, दुधाचे कॅन, सगळं याच जीपमधून खाली आलं. खोऱ्यातली माणसं कंपनीचं नाव घेत नाहीत, ड्रायव्हरचं घेतात. ड्रायव्हर मिस्त्रीचं घेतो.

हे दृश्य जरा निवांत बघा. चढ आहे, वळण आहे, रस्त्याची कड खचलीय. मागच्या कमानपाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) आवाज ऐकू येतोय. बोलेरो २००० साली आली तेव्हाही कंपनीनं मागचे पाटे ठेवले, आजही आहेत. शहरातला माणूस म्हणतो, बसायला टणक. इथला म्हणतो, पाटा तुटला तर रस्त्याकडेला बसवता येतो.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. कमांडरचं बॉनेट उघडलेलं.)

या कमांडरचं काम निघालंय. पाणी खाते, पांढरा धूर मारते. मिस्त्रींनी नुसतं रेडिएटरचं झाकण काढून, इंजिन चालू करून बुडबुडे बघितले आणि सांगितलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पातळ थर, गेलाय. आम्ही हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित केलं.

आधी पाणी काढून घेतलं. मग मॅनिफोल्ड सुटले, नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) पाइप सुटले, त्यांची तोंडं स्वच्छ फडक्यानं बांधली, कारण डिझेलच्या लाइनमध्ये कचरा गेला की पुढचं सगळं वाया. रॉकर शाफ्ट उचलला. पुश रॉड एकेक करून निघाले आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमानं खोचले गेले. ज्या टॅपेटवर जो रॉड घासून बसलाय, तो तिथंच परत गेला पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, उस्तादानं मारून शिकवलं, असं मिस्त्री सांगतात. मग हेडचे बोल्ट. बाहेरून आत, थोडे थोडे, नाहीतर हेड वाकतं.

हेड लेथवाल्याकडं गेलं. साताऱ्यात लेथवाला शोधायला लागत नाही. १९२२ पासून कूपरांचा कारखाना इथं आहे, नांगर आणि इंजिनं बनवणारा. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र स्कूटर्स आली आणि साताऱ्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. मिलिमीटरच्या बारीक भागापर्यंत माप बसवणारे हात अशा गावात तयार होतात. फेसिंग झालं, हेडचा तळ आरशासारखा होऊन परत आला.

पुढचे दोन तास व्हॉल्व्ह. पेस्ट लावायची, काठीच्या टोकाला रबरी कप, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचं. घर्र घर्र आवाज बदलत जातो. सीटवर सगळीकडं सारखी राखाडी कडी उमटली की झालं. मग त्यात डिझेल ओतून ठेवायचं. दुसऱ्या बाजूनं थेंब आला नाही म्हणजे व्हॉल्व्ह बसला.

नवीन गॅस्केट, हेड वर, आणि आता बोल्ट उलट क्रमानं. मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ठरवलेला जोर गाठून टॉर्क पाना टक् वाजेपर्यंत. शेवटी फीलर गेजची पातळ पट्टी घालून टॅपेटमधलं अंतर जुळवलं. संध्याकाळी सेल्फ मारला, इंजिन पकडलं, मिस्त्रींनी सायलेन्सरवर तळहात धरला. मालक अजून काही बोलले नव्हते.

(दृश्य : सांगली, शंभर फुटी रस्ता. दुसरं गॅरेज.)

इथल्या टेबलावर एक सुटं इंजिन आहे. १२४८ सीसी, फियाटचं मल्टिजेट. हेच इंजिन स्विफ्ट डिझेलमध्ये होतं. हेच टाटाच्या विस्टामध्ये क्वाड्राजेट नावानं होतं. हेच फियाटच्या लिनियात. टाटाकडं जायचं ते पुण्याजवळच्या रांजणगावात बनायचं, मारुतीकडचं मानेसरला. स्विफ्टवाला आणि विस्टावाला एकाच पारावर बसून अ‍ॅव्हरेजवरून भांडत होते, तेव्हा दोघांच्या बॉनेटखाली एकाच घरातलं इंजिन होतं. आजही मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लांझा शेजारी लावा आणि लोगो झाका. लोगो झाकल्यावर कंपन्यांमधला जो फरक उरतो, तो दाराच्या आवाजात, सीटच्या कापडात आणि विक्रीनंतरच्या वागण्यात असतो. शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी.

इंडिकाचं उदाहरण घ्या. १९९८ च्या डिसेंबरात आली, टाटांनी भारतात विकसित केलेली डिझेल कार. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनी त्या ऐकून कामाला लागली आणि २००१ साली व्ही-टू आली. १४०५ सीसीचं ते साधं डिझेल गावोगावच्या मिस्त्रींनी खोलून बघितलं आणि त्यांना ते जमलं. टाटावरचा विश्वास इथं अशा गॅरेजांमधून परत उभा राहिला.

(दृश्य : विटा. यात्रेच्या दिवसांतलं वाहनतळ. नंबरप्लेट जवळून.)

केएल. टीएन. केए. डब्ल्यूबी. या परराज्यातल्या पर्यटकांच्या गाड्या नाहीत. खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पसरलीत. यात्रेला, दिवाळीला ती स्वतःच्या गाडीनं हजार-दीड हजार किलोमीटर चालवत गावी येतात. त्यांना गाडी अशी लागते, जी कोचीत बंद पडली तरी दुरुस्त होईल आणि विट्यातही. त्यांची कंपनीची निवड इतकी सरळ आहे. रंग मात्र बायको ठरवते, असं तिघांनी सांगितलं.

आणि ज्यांची कंपनीच निघून गेली? शेव्हर्लेची विक्री २०१७ च्या अखेरीस भारतात थांबली. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेव्हर्लेच्या टॅव्हेरावर कर्ज फेडून संसार उभे केलेले ड्रायव्हर याच रस्त्यांवर आहेत. त्यांची गाडी आज चालू आहे ती शंभर फुटी रस्त्यावरच्या अशा टेबलांमुळे.

(दृश्य : कडेगाव तालुका, देवराष्ट्रे. गल्ली, लोहाराचा भाता.)

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमांत बसणार नाही, पण ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि २०२२ च्या जानेवारीत बोलेरो दिली. देशानं कौतुक केलं, ते योग्यच होतं. आमचं म्हणणं एवढंच, की असे हात या दोन जिल्ह्यांत गावोगाव आहेत आणि त्यांना बक्षिसापेक्षा सुटे भाग आणि माहिती हवी आहे.

(दृश्य : साताऱ्याचं गॅरेज. मिस्त्रींचा मुलगा स्कॅनर जोडतोय.)

मुलगा आयटीआय झालाय. नव्या गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्यानं वायर लावली. पडद्यावर कोड आला. नोझल बदलायचं, एवढं त्याला कळलं. पण या कंपनीच्या गाडीत नवं नोझल बसवलं की त्याचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. गाडी टोइंग करून दुसऱ्या शहरात गेली. ज्या कामाला मिस्त्री समर्थ आहेत, ते काम त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं.

हा अन्याय आहे, आणि असं म्हणणारे आम्ही पहिले नाही. खुल्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू दिली नाही म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

जुन्या डिझेलचा धूर, एअरबॅग नसलेल्या जीप, १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं एप्रिल २०२२ पासून वाढलेलं शुल्क, हे प्रश्न आहेतच. नवे ग्राहक आता गाडीला सुरक्षेचे स्टार किती, हे आधी विचारतात. विचारायलाच हवं.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट शोरूममध्ये विचारा. या गाडीचं नोझल, सेन्सर, क्लच प्लेट माझ्या तालुक्याच्या दुकानात मिळेल का, आणि ते माझा मिस्त्री बसवू शकेल का? उत्तर लेखी मागा.