कुलूपबंद घरे आणि चिपळूणचे भाडेकरू

नमस्कार. आजचा विषय चिपळूणचा आहे, पण त्याची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्याच्या जनगणनेतून करावी लागेल. 2001 साली या जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार 777 होती. 2011 साली ती 16 लाख 15 हजार 69 भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे 82 हजार माणसे कमी झाली. त्याच काळात चिपळूण शहर मात्र सुमारे 46 हजारांवरून 55 हजारांवर गेले. वाड्या रिकाम्या होत होत्या आणि तालुक्याचे गाव भरत होते.

गेलेली माणसे कोण, हे जिल्ह्यातील स्त्री-पुरुष प्रमाणावरून कळते. 2011 मध्ये दर हजार पुरुषांमागे येथे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत चाकरमानी, घरी आई-वडील, आणि तेही थकले की दाराला कुलूप. मग ते घर उघडते गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात. शहरात येणारे लोक वेगळे आहेत. त्यांत मुलांच्या शिक्षणासाठी वाडीतून आलेली कुटुंबे, रुग्णालयांतील परिचारिका, लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांतील कंत्राटी कामगार आणि उत्तर भारतातून आलेले गवंडी, सुतार असे अनेक जण आहेत. त्यांना परवडणाऱ्या भाड्याची खोली हवी असते, आणि नव्या इमारतींतील बरेचसे फ्लॅट निवृत्तीनंतर गावाकडे परतू पाहणाऱ्या मुंबईकराचा खिसा पाहून बांधलेले असतात.

येथे सहज वाटते की सरकारी घरकुलाने हा प्रश्न सुटावा. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत शहरातील स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातील कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे अनुदान ठेवले होते. अडचण आहे ती ‘स्वतःच्या जागेवर’ या दोन शब्दांत. कोकणात सातबारा बहुधा सामाईक असतो. आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग असते, त्यांतले काही वरळीत, काही डोंबिवलीत, एखादा दुबईत, आणि सर्वांची संमती किंवा हक्कसोडपत्र मिळाल्याशिवाय तेथे राहणाऱ्या भावाला ना अनुदान सुखाने मिळते ना बँकेचे कर्ज. शिवाय कोकणातील बरीच घरे गावठाणाबाहेर, वाडीवाडीने विखुरलेली असल्यामुळे गावठाण मोजून मिळकतपत्रिका देण्याच्या मोहिमेनेही हा गुंता फारसा सुटत नाही. माझ्या मते कोकणात भिंतींपेक्षा कागदांची टंचाई अधिक आहे.

मग बंद घरे भाड्याने का दिली जात नाहीत? वाडीतले घर तालुक्यापासून लांब असते, हे खरे. पण शहरातले बंद फ्लॅटही तसेच पडून असतात. भाडेकरू बसला की उठत नाही, ही जुन्या भाडे कायद्याच्या काळातील भीती अजून मनातून गेलेली नाही, जरी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर ताबा परत मिळवण्याची वेगळी, जलद तरतूद केलेली असली तरी. (गणपतीत आमचे आम्ही कुठे राहणार, हा प्रश्न अर्थात कोणत्याही कायद्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.)

चिपळुणात याच्या जोडीला पाणी आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीकाठची बाजारपेठ आणि तळमजले बुडाले. नदीकाठी पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या दोन पूररेषा आखतात: साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. त्यामुळे बांधण्याजोगी उंचावरची सपाट जागा आधीच थोडी, म्हणून महाग. स्वस्त खोली मिळते ती बहुधा तळमजल्यावर, आणि पुराचे पाणी पहिल्यांदा तेथेच शिरते.

2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. परिचारिकेला आणि कंत्राटी कामगाराला सातबारा न विचारता सामावून घेईल असा तोच एक मार्ग मला दिसतो, अर्थात नगरपरिषदेने त्यासाठी लाल रेषेबाहेरची आणि एस.टी. स्थानकापासून फार लांब नसलेली जागा राखून ठेवली तर.