स्पर्धेची वही सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी

नमस्कार श्रोतेहो.

भातकापणी झाली, मळण्या उरकल्या, की आपल्याकडे कोकणात कुणग्यांची, म्हणजे भातखाचरांची, मैदानं होतात. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि चुन्याने रेषा आखायच्या. मग मे महिन्यात चाकरमानी मुंबईला परतेपर्यंत कबड्डी, खो-खो, अंडरआर्म क्रिकेट, कॅरम असं काही ना काही चालूच असतं. प्रत्येक वाडीत एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, जिच्याकडे सगळ्या प्रवेशिका येतात. पंचांना फोन तीच करते आणि वर्गणीचा हिशेब तिच्याच वहीत असतो. जनरेटर बंद पडला की डिझेलचा कॅन घेऊन धावायचं तेही तिनेच. चषक देताना मात्र तिचं नाव कुणी पुकारत नाही. आज मला याच मुलामुलींशी बोलायचं आहे.

तुम्ही जे करता, त्याला क्रीडा व्यवस्थापन म्हणतात. त्याचा रीतसर डिप्लोमा असतो, पदवीनंतरचा पदविका अभ्यासक्रम असतो, पुढे एमबीएसुद्धा असतं. मी स्वतः कबड्डीची गुणलेखक म्हणून सुरुवात केली आणि नंतर हा डिप्लोमा केला. त्यामुळे माहितीपत्रकात छापलेलं सांगण्यापेक्षा आत काय शिकवतात आणि अर्ज कसा करायचा, हे सांगते.

आधी एक घोळ दूर करू. पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ सालची. तिचा गाजलेला डिप्लोमा प्रशिक्षकांसाठी आहे. बी.पी.एड. ही क्रीडाशिक्षकाची पदवी, शाळेत लागायचं तर ती हवी. क्रीडा व्यवस्थापन या दोन्हींपेक्षा वेगळं. खेळाडू घडवणं हे त्यात येत नाही, खेळ उभा करणं येतं. स्पर्धा, मैदान, पैसा, करार, प्रसिद्धी, सुरक्षा हे त्याचे विषय. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत हा विषय शिकवतात. पुण्यात सिम्बायोसिसच्या क्रीडाविज्ञान संस्थेत या विषयाचं एमबीए आहे. मुंबई-पुण्यात खाजगी संस्थाही पुष्कळ आहेत, आणि सांभाळून राहायचं ते तिथेच. त्याकडे नंतर येते.

वर्गात पहिल्या आठवड्यातच जे शिकवतात, ते तुमच्या वहीला किती जवळचं आहे पाहा. समजा, तुमच्या कबड्डी स्पर्धेला २४ संघ आले. बाद पद्धत. सामने किती होतील? २३. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो, म्हणून संघांपेक्षा एक कमी. पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरी, किती संघांना द्यायची? २, ४, ८, १६ अशा दुपटीत बसणारी २४ च्या पुढची संख्या ३२, म्हणून ३२ वजा २४, आठ संघांना. आता वेळ. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. नाणेफेक, टाइम आउट, संघ आत-बाहेर होणं धरलं तर तास लागतोच. एका मैदानावर २३ तास! आणि आपण दुपारी चारला नारळ फोडून म्हणतो, रात्रीत संपवू.

दोन मैदानं आखली आणि दोन दिवस घेतले, तर रोज चार ते दहा या वेळेत बारा सामने बसतात. पहिल्या दिवशी पहिल्या फेरीचे आठ आणि पुढच्या फेरीचे चार. दुसऱ्या दिवशी उरलेले चार, मग उपउपांत्य फेरीचे चार, दोन उपांत्य आणि अंतिम. दहाला बक्षीस समारंभ. कागदावर झकास बसतं. पण नीट बघा, अंतिम फेरीत जाणाऱ्या संघाला दुसऱ्या संध्याकाळी तीन किंवा चार सामने खेळावे लागतात. त्या पोरांच्या गुडघ्यांचं काय? मग तिसरा दिवस घ्यायचा का? तिसऱ्या दिवसाचा मंडप, वीज, पंचांचं मानधन आणि जेवण कुठून आणायचं? का संघच सोळा घ्यायचे आणि आठ मंडळांचा रुसवा पत्करायचा? हा निर्णय घेता येणं म्हणजे व्यवस्थापन. आणि दहाचा आग्रह माझ्या पदरचा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत २००० सालापासून लिहिलेलं आहे.

मला अभ्यासक्रमात सर्वांत जास्त आवडलेला विषय सुरक्षेचा. आपल्या मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, राज्यभरातून मुलं येतात. अशा स्पर्धेची वेळ कोण ठरवतं? पाहुण्यांची सोय बघून ठरवली तर फसलात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी. उधाणाला ओढ जास्त, लहान गटाच्या पोहणाऱ्यांना ती जड जाते. आपल्या मच्छीमारांना हे तोंडपाठ असतं. व्यवस्थापकाने ते कागदावर आणायचं. सुरुवात किती वाजता, वारा किती वाढला की स्पर्धा थांबवायची, थांबवण्याचा अधिकार कुणाचा, होड्या किती आणि कुठे उभ्या. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे टोपीवरचा नंबर. पाण्यात गेलेले नंबर आणि बाहेर आलेले नंबर दोन वेगळ्या माणसांनी लिहायचे आणि जुळल्याशिवाय कुणीही किनारा सोडायचा नाही. यात एकाही नंबरची चूक चालत नाही.

करार, डोपिंग म्हणजे उत्तेजक द्रव्यं घेणं, लहान मुलांची सुरक्षितता हेही विषय असतात. डोपिंगविरोधी कायदा २०२२ चा, राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ चा. कायदा म्हटलं की झोप येते असं वाटेल, पण मुलींचा संघ बाहेरगावी नेताना सोबत कोण, खोल्या कशा, तक्रार कुणाकडे, हे ठरवताना हाच अभ्यास कामाला येतो. पालक मुलीला पाठवतील की नाही, ते पुष्कळदा यावरच ठरतं.

पैशाचंही सांगते. आपल्या मंडळांचा सगळा डोलारा वर्गणी आणि एखाद्या दानशूर चाकरमान्यावर उभा असतो. पण २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची जी यादी आहे, तिच्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याच किनाऱ्यावर कारखाने आहेत, बंदरं आहेत. मग पैसा का येत नाही? मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसते, लेखापरीक्षण झालेलं नसतं, आयकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र नसतं. मागायला गेलेल्या माणसाच्या हातात फक्त कार्यक्रमपत्रिका असते. हे कागद उभे करणारी एक शिकलेली मुलगी गावात असेल तर मंडळाचं रूप पालटेल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता अर्ज. बारावीनंतरच्या डिप्लोमाला बारावी पास लागतं, पदव्युत्तर पदविकेला कुठल्याही शाखेची पदवी बहुतेक ठिकाणी चालते. तुम्ही राज्यस्तरावर खेळलेलेच हवेत असं नाही. बऱ्याच संस्था उद्देशपत्र, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते, लिहायला सांगतात, मुलाखत घेतात. आपली मुलं मार खातात ती तिथे. पहिलं वाक्य ठरलेलं, 'मला लहानपणापासून खेळाची आवड आहे.' अहो, अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला आवड आहे! त्याऐवजी हे लिहा: 'आमच्या वाडीच्या स्पर्धेत अंतिम सामना पहाटे व्हायचा. पुढच्या वर्षी मी दोन मैदानं आखून घेतली, संघांना येण्याच्या वेळा वाटून दिल्या आणि स्पर्धा दहाच्या आत संपली.'

गुहागरकडच्या एका मुलीला मी हेच सांगितलं होतं. इंग्रजी बेताचं म्हणून ती घाबरली होती. तिने मुलाखतीला खो-खो स्पर्धेची वही नेली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. आत गुणपत्रकं, पंचांच्या सह्या, पाण्याच्या जारांची पावती टाचणीने लावलेली आणि एका पानावर लाल शाईत 'डॉक्टर उशिरा आले, पुढल्या वेळी दोघांना सांगणे'. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि पुढचे सगळे प्रश्न तिथूनच विचारले. तिने मराठी-हिंदी मिसळून उत्तरं दिली, आणि तिला प्रवेश मिळाला. इंग्रजी लागतंच, करार इंग्रजीतच असतात. पण ते शिकता येतं. पावती टाचून ठेवायची सवय ऐनवेळी अंगी आणता येत नाही.

कागदपत्रांची घाई जून-जुलैत होते, नेमकी आपल्याकडे पाऊस कोसळत असताना. लाईट जाते, नेट जातं, सेतूत रांग. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर हे एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. ते विद्यापीठातून येतं, वेळ खातं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि कर्जासाठी विद्यालक्ष्मी ही पोर्टलं आहेत.

आणि फी भरण्याआधी चौकशी. २००८ ला आयपीएल आली, २०१४ ला प्रो कबड्डी, आणि त्यांची चित्रं लावून अभ्यासक्रम विकणारी दुकानं निघाली. 'शंभर टक्के नोकरी' असं कुणी म्हणालं की लगेच सावध व्हा. पदविका कोणतं विद्यापीठ देणार, हे लेखी विचारा आणि त्या विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः बघा. दूरस्थ असेल तर दूरस्थ शिक्षणाची मान्यता वेगळी बघा. इंटर्नशिप कुठे, किती महिने, तिथे काम काय, हेही विचारा. नुसतं गेटवर पास तपासायला उभं करणार असतील तर त्यासाठी लाखो रुपये मोजू नका. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला मागा. चांगली संस्था त्याला नाही म्हणत नाही.

सुरुवातीचा पगार मोठा नसतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. शनिवार-रविवार आणि सणावाराला काम असतं, कारण लोक सामने तेव्हाच बघतात. नोकऱ्या लीगमध्ये असतात, अकादम्यांत, शाळांत, क्रीडा संकुलांत असतात. बऱ्याचशा मुंबई-पुण्यातच आहेत, पण इकडेही चित्र बदलतंय. चिपळूणजवळ डेरवणला केवढं संकुल उभं राहिलंय आणि तिथे युवा स्पर्धा होतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. जमलं तर अर्जाआधी अशा एखाद्या ठिकाणी स्वयंसेवक म्हणून आठवडाभर राबा. काम आपल्याला झेपतं का, ते कळेल, आणि उद्देशपत्रात लिहायला एक खरा परिच्छेद मिळेल.

तेव्हा या रविवारी माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढा. पत्रिका, पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं वर्षाप्रमाणे लावा, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि मंडळाच्या अध्यक्षांकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या. तुम्ही कोणत्या स्पर्धेत नेमकं काय काम केलंत, ते त्यात लिहिलेलं असू दे. त्याखाली तारीख आणि शिक्का हवा. नमस्कार.