नंबर प्लेटवरचं जर्मन अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

गाड्या सजवण्याच्या दुकानांत एक लांबट, अरुंद नंबर प्लेट टांगलेली असते. डाव्या टोकाला निळी पट्टी, पट्टीत ताऱ्यांचं कडं, त्याखाली ‘डी’ हे अक्षर, आणि पुढे जाड, जराशी बेढब वाटणारी अक्षरं. दुकानदार तिला ‘जर्मन प्लेट’ म्हणतो आणि तिच्यावर आपला एमएच बारा नाहीतर एमएच चौदा उठवून देतो. ही गाडीला चालते का? उत्तर आधीच सांगतो. नाही. नोंदणीची पाटी म्हणून ती चालत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० आणि ५१ हे दोन नियम पाटीसाठी आहेत. अक्षरं इंग्रजी, अंकही इंग्रजी. मोटारीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १०, दोन अक्षरांमधली जागा १०. पाटी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर. जर्मन पाटी ५२० बाय ११० असते आणि तिचं अक्षर ७५ मिलिमीटर उंच. म्हणजे मापातच बसत नाही. आता रंग. ब्रिटनमध्ये मागची पाटी पिवळी असते, पण आपल्याकडे पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. जपानी पद्धतीचा हिरवा रंग घ्यावा, तर आपल्याकडे हिरवी पाटी विजेवरच्या गाडीची.

नियम मराठी अंकांनाही लागू आहे. ४१४१ वळवून केलेलं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेही चालत नाही. मराठीवर प्रेम असेल तर दुकानाची पाटी ठसठशीत मराठीत लावा, आणि शक्य असेल तर ती रंगाऱ्याकडून हातानं रंगवून घ्या. फ्लेक्सवरच्या छापील अक्षराला त्या हाताची वेलांटी कधीच साधत नाही. असो.

मला सांगायची आहे ती गोष्ट त्या बेढब जर्मन अक्षरांची. ती अक्षरं तशी का आहेत?

१९७० च्या दशकातला पश्चिम जर्मनी डोळ्यांसमोर आणा. रेड आर्मी फॅक्शन नावाच्या दहशतवादी संघटनेनं देश हादरवला होता. अपहरणं, बँकांवर दरोडे, खून. या सगळ्याला लागायची मोटार, आणि मोटारीला लागायचा नंबर. त्या वेळची जर्मन पाटीवरची अक्षरं नीटस होती, कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखी. सगळी एकाच साच्यातली. घात तिथेच होता. पी या अक्षराला एक तिरकी रेघ जोडली की आर. एफच्या पायाशी आडवी रेघ चिकटवली की ई. तीनच्या आकड्याला डावीकडून काळी पट्टी लावली की आठ. काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा किंवा ब्रशचा एक फटकारा, आणि गाडीचा नंबर बदलला. साक्षीदार जो नंबर सांगणार, तो भलत्याच माणसाचा.

मग हे काम आलं कार्लगेओर्ग होएफर यांच्याकडे. होएफर हे सुलेखनकार, जर्मनीतल्या ऑफेनबाख शहराचे, टाइप काढणारे कलावंत. १९७८ ते १९८० या काळात त्यांनी नवी अक्षरं घडवली. सुलेखनकाराचा सारा जन्म अक्षरांना एका घराण्याचं रूप देण्यात जातो. इथे मागणी नेमकी उलटी होती. कोणतंही अक्षर दुसऱ्यासारखं दिसता कामा नये. पीचं पोट वेगळं, आरचं वेगळं. शून्य आणि ओ यांची गल्लत होता कामा नये. एका अक्षरावर रेघ चिकटवून दुसरं करायला गेलं, की ते डोळ्यांना खटकलंच पाहिजे. लांबून, वेगात किती वाचता येतं, याच्या चाचण्या गीसेन विद्यापीठाच्या मदतीनं झाल्या. या अक्षरांचं नावच मुळी ‘खोटेपणा अवघड करणारी लिपी’ अशा अर्थाचं आहे. जर्मनीत तिला थोडक्यात ‘एफई’ लिपी म्हणतात.

अक्षरं तयार होऊनही बरीच वर्षं पडून राहिली. निळ्या पट्टीची युरोपीय पाटी जर्मनीत आली, तेव्हा १९९४-९५ च्या सुमारास ही अक्षरं वापरात आली, आणि १ नोव्हेंबर २००० पासून नव्या पाट्यांना सक्तीची झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होएफर वारले होते.

आणखी एक. जर्मनीत नोंदणी कार्यालयाच्या आसपासची खासगी दुकानंच पाटी ठोकून देतात. पण ती गाडीला चालते कधी? कार्यालयानं तिच्यावर सरकारी गोल शिक्का चिकटवल्यावर. म्हणजे आपल्या दुकानातली बिनशिक्क्याची जर्मन पाटी खुद्द जर्मनीतही चालणार नाही. नंबरात कुणाला फेरफार करता येऊ नये म्हणून जन्मलेलं अक्षर आपण हौसेसाठी लावतो आणि आपलाच नंबर वाचायला कठीण करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आपली पाटी. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती गाडीसोबतच मिळते. त्याआधीच्या गाडीला आपण बसवून घ्यायची. महाराष्ट्रात ठरलेला दर दुचाकीला ४५० आणि मोटारीला ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या आरटीओचं नाव निवडून वेळ घ्यायची. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा चासी आणि इंजिन क्रमांकाच्या शेवटच्या पाच आकड्यांवर, म्हणून आरसी बुक हातात धरूनच ते भरा. मोबाइल नंबर जुना असेल तर तो आधी बदलून घ्या.

खरी पाटी कशी ओळखायची? वर डावीकडे अशोकचक्राचा चकचकीत होलोग्राम, २० मिलिमीटरचा चौरस. खाली डावीकडे लेसरनं कोरलेला दहा अंकी-अक्षरी क्रमांक. अक्षरांवर तिरपं बारीक ‘इंडिया’. आणि स्क्रूऐवजी एकदाच बसणारं स्नॅप लॉक. पुन्हा सांगतो, होलोग्राम, लेसर क्रमांक, स्नॅप लॉक. ‘आयएनडी’ची नुसती निळी पट्टी चिकटवलेली पाटी एचएसआरपी नव्हे. मोटारीला पुढच्या काचेवर आतून लावायचं स्टिकरही मिळतं, ते मागून घ्या.

पाटीवर क्रोमची चौकट किंवा काळसर काच चढवू नका. चौकटीखाली लेसर क्रमांक झाकला जातो, आणि काळसर काचेमुळे कॅमेरा नंबर चुकीचा वाचतो, मग ई-चलान तिसऱ्याच माणसाच्या मोबाइलवर जातं. गॅरेजमध्ये बंपर उतरवताना लॉक तुटतं आणि मेकॅनिक तिथे साधा स्क्रू पिळून देतो. तसं करू देऊ नका, अधिकृत केंद्रावरच नवं लॉक बसवून घ्या. पाटी मोडली असेल तर मोडके तुकडे जपून ठेवा, बदली पाटी घेताना ते द्यावे लागतात. आणि हरवली असेल, तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि तिची प्रत सोबत न्या.