कलमाचा जोड मातीच्या वर

नमस्कार, श्रोतेहो. परसात फळझाड लावायचं ठरलं, की आधी जागा मोजा आणि मग झाड ठरवा. आंब्याचं झाड भिंतीपासून निदान वीस फुटांवर हवं, लिंबू-संत्र्याचं दहा फुटांवर, डाळिंब-सीताफळाला सात-आठ फूट पुरतात. दिवसाचं सहा तास ऊन मात्र सगळ्यांनाच लागतं. एवढी जागा नसेल तर आंब्याचा हट्ट सोडा. दरवर्षी फांद्या छाटून खुजा ठेवलेला आंबा धड सावली देत नाही.

आंबा, चिकू, पेरू, संत्रं यांची कलमंच घ्या. कोयीचा आंबा फळायला सहा-आठ वर्षं घेतो, आणि फळ मूळ झाडासारखं निघेलच याची खात्री नसते. पपईचं तसं नाही, ती बियांपासूनच येते. नर-मादी झाडं वेगळी असणारी जात असेल तर एकाच जागी तीन-चार रोपं लावा. लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस आले की ते झाड नर समजा. परागीकरणासाठी एखादं नर झाड ठेवा, बाकीची काढून टाका.

कलम निवडताना खोड पेन्सिलीएवढं जाड आहे का, जोड, म्हणजे वरची फांदी खालच्या रोपाला जिथे जोडली आहे ती जागा, पक्का भरलाय का, हे बघा. जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी कलम जमिनीत लावतेवेळीच सोडा, नाहीतर खोड जाड झाल्यावर ती आत रुतते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हा जोड मातीच्या वर सहा ते आठ इंच राहिला पाहिजे. पुन्हा सांगते, जोड मातीच्या वर, सहा ते आठ इंच.

यावर इतका भर का, त्याची एक खरी गोष्ट आहे, ती सांगते. टोकाला बेंबीसारखी खूण असलेलं, बिनबियांचं नेव्हल संत्रं तुम्ही पाहिलं असेल. बीच नाही म्हटल्यावर ते कलमानेच वाढवावं लागतं. अमेरिकेच्या कृषी विभागातले विल्यम सॉन्डर्स यांनी ते ब्राझीलमधल्या बाहियाहून मागवलं, त्याच्या फांदीवरचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, दुसऱ्या रोपांवर बसवून कलमं तयार केली, आणि 1873 साली त्यातली दोन कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला एलायझा टिबेट्स यांच्याकडे पाठवली. भांडी धुतलेलं पाणी घालून त्यांनी ती जगवली अशी आख्यायिका आहे. तुम्ही मात्र साबणाचं पाणी लिंबूवर्गीय झाडांना घालू नका. क्षार साचला की या झाडांची पानं कडेने करपतात. त्यापेक्षा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाला. ते मोरीत सोडून देणं मला तर पटतच नाही.

तर, त्या दोन झाडांचे डोळे घेऊन लोकांनी बागाच्या बागा उभ्या केल्या. कॅलिफोर्नियाचा संत्र्याचा मोठा व्यवसाय त्यातून वाढला. पुढे दोन्ही झाडं उचलून दुसरीकडे लावली. त्यातलं एक 1903 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते लावलं गेलं आणि काही वर्षांनी वाळलं. दुसरं रस्त्याच्या कोपऱ्यावर कुंपणात होतं. 1918 च्या सुमाराला तेही खंगायला लागलं. कारण होतं फायटोप्थोरा बुरशी, म्हणजे आपण ज्याला डिंक्या म्हणतो तो रोग. ही बुरशी मातीत असते, पाण्यातून पसरते, आणि साल ओली राहिली की बुंध्यात शिरते. साल कुजते, डिंक गळतो. पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोहोचत नाही, मुळं उपाशी मरतात आणि मग वरचं झाड सुकतं.

तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी झाडाला नवी मुळं दिली. बुंध्याभोवती लिंबूवर्गीय रोपं लावली, त्यांचे शेंडे तिरके कापले आणि कुजलेल्या भागाच्या वर, निरोगी सालीखाली खोचून पक्के केले. जोड भरला. रोपांच्या मुळांवर जुनं झाड तगलं. 1951 साली पुन्हा तशीच रोपं जोडावी लागली. ते झाड आजही उभं आहे, फळतंय, आणि सायला या रस शोषणाऱ्या किडीपासून जपायला त्याच्याभोवती जाळी लावली आहे.

हा खटाटोप घरी करायची वेळ येऊ नये, म्हणून जोड मातीच्या ओलीपासून वर ठेवा आणि पाण्याचा निचरा बघा. लिंबासाठी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, आंब्यासाठी तीन फूट. खड्ड्यात फूटभर पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. दिवसभर पाणी तसंच राहिलं तर तिथे खड्ड्यात लावू नका. फूट-दीड फूट उंच वाफा करून त्यावर लावा. भरताना निघालेलीच माती वापरा, त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा.

पाण्यासाठी दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती आतला गोल मातीने उंच आणि कोरडा ठेवायचा, पाणी बाहेरच्या गोलात सोडायचं. पण ती उंच माती जोडापर्यंत चढवू नका. पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्यापासून वीतभर लांब हवं. बुंध्याला टेकून फरशी बसवणं तर मला बिलकूल मान्य नाही. तिच्याखाली ओल कोंडते आणि खोड जाड व्हायला जागाही उरत नाही.

जोडाच्या खालून आलेली फूट कोवळी असतानाच काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या जंगली रोपाची असते आणि जोमाने वाढून खऱ्या कलमाला मागे टाकते. पहिली दोन वर्षं फुलं-फळंही खुडा.

पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवा आणि दोन्ही एकत्र ढवळा. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा. त्याच दिवशी संपेल एवढीच बनवा, दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग राहत नाही.